मोकळ्या ब्रीदरचा मोह

जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या जुन्या जीपचं बॉनेट उघडा, बहुतेक वेळा एकच मांडणी दिसेल. टॅपेट कव्हरवरून निघालेली ब्रीदरची रबरी नळी चेसीसच्या कडेने खाली सोडलेली, तोंड रस्त्याकडे. ती पूर्वी इनलेटला जिथे जोडलेली असायची, तिथे बोल्ट ठोकून क्लिप आवळलेली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंजिनाला मोकळा श्वास घेऊ दे की!" ऐकायला पटतं. पण हा सल्ला कुठेही कच्चा आहे, आणि घाट, धूळ नि पाऊस तिन्ही भरपूर असलेल्या या दोन तालुक्यांत तर तो अंगाशी येणारा आहे.

मुळात ब्रीदर कशासाठी? सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की वायूचा थोडा अंश रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात पाण्याची वाफ असते, काजळी असते, अर्धवट जळालेलं इंधन आणि ऑइलचे बारीक थेंब असतात. हे सगळं बाहेर पडायला वाट हवी. धूर दिसतो म्हणून नळीच बुजवणारेही काही महाभाग आहेत. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, त्यांचं इंजिनच घालतं. आधी डिपस्टिक वर उचलली जाते, मग मागचं ऑइल सील गळू लागतं, ते ऑइल क्लचप्लेटवर येतं, आणि भरलेली जीप तोरंगण घाटात नुसती गुरगुरते, चढत नाही. एका नळीपायी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

मोकळी नळी सोडणाऱ्यांचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं. ते म्हणतात, जुन्या गाड्या अशाच होत्या. खरं आहे, पुष्कळ जुन्या गाड्यांना खाली सोडलेली नळीच असे. पण ती चालायची वाऱ्यावर. गाडी वेगात असली की खालून जाणारी हवा नळीच्या तोंडाशी ओढ निर्माण करते आणि चेंबर रिकामं होत राहतं. आता हीच नळी घाटात लावून बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अंगावर पूर्ण लोड घेऊन गाडी रांगते. बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त आणि वाऱ्याची ओढ जवळपास शून्य, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. म्हणजे नळीची गरज जिथे सर्वाधिक, नेमकं तिथेच ती हात वर करते.

शिवाय "जीप मूळची अशीच" हा दाखला उलटाच पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या पेट्रोल इंजिनात चेंबरची हवा एका व्हॉल्व्हमधून इनलेट मॅनिफोल्डला जोडलेली होती. ज्या गाडीला ओढे-नाले पार करायचे, तिचं चेंबर उघड्यावर श्वास घेऊ शकत नाही, हे तेव्हाच कळलेलं होतं. आपल्याकडे फरशी पुलावरून पाणी वाहत असताना जीप घालणारे कमी नाहीत. नळीचं टोक त्या पाण्यात बुडतं. इंजिन तिथेच बंद पडलं आणि थंड होऊ लागलं, तर आतली हवा आकसते आणि तोंडाशी जे असेल ते आत ओढलं जातं. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा फुफाटा. एअर फिल्टर जपायचा आणि चेंबरचं दार सताड उघडं ठेवायचं, याला काय म्हणावं?

धुराचं तर बोलायलाच नको. पीयूसीवाला नळी सायलेन्सरच्या टोकाला लावतो, ब्रीदरकडे कोणी बघत नाही. पण कॅलिफोर्नियात रसायनतज्ज्ञ हागेन-स्मित यांनी शहरी धुरक्याचं रसायन उलगडल्यानंतर, साठच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या गाड्यांवर पहिली सक्ती आली ती चेंबरची हवा परत इंजिनात जाळण्याचीच. सायलेन्सरची पाळी पुढे आली. आपल्याकडे ब्रीदरचा धूर फ्लोअरबोर्डच्या भोकांतून थेट मागे बसलेल्या प्रवाशांच्या नाकात जातो.

आता त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा. "नळी इनलेटला जोडली तर डिझेल इंजिन ऑइल पिऊन सुटतं." हे शंभर टक्के खरं आहे. डिझेलमध्ये हवेवर थ्रॉटलचा लगाम नसतो, गाडी बंद होते ती डिझेल तोडल्यावर. ब्रीदरमधून ऑइलच आत येऊ लागलं तर पंपाची गरजच उरत नाही. स्टॉपची केबल ओढा नाहीतर चावी फिरवा, इंजिन चढतच जातं. मग वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते कोंडायचं किंवा हवेचं तोंड बंद करायचं. म्हणून बोअर झिजलेल्या इंजिनाला बंद ब्रीदर लावू नये, हे मी मान्य करतो. पण त्यावरून नळी कायमची खाली सोडावी असं कुठे ठरतं? त्यावरून ठरतं ते इंजिनकाम.

इंजिन झिजलेलं की ठीकठाक, ते ओळखायला पैसे लागत नाहीत. गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थरथरत बसलं तर ठीक. टुणकन उडालं तर आधी रिंगा बघा, ब्रीदरचा विचार नंतर. अंदाजाचीच कसोटी, पण ब्रीदरवर खर्च करण्याआधी करावी.

आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्ये मूळ इंजिन राहिलेलंच नाही. पेट्रोल काढून पूजो डिझेल बसवलं, २११२ सीसीचं. ते महिंद्रा इगतपुरीत बनवत असे, मोखाड्याच्या शेजारी. पुढे कोणी डीआय बसवलं, त्यावर टर्बो चढवला. इंजिन बदललं, पण ब्रीदरची जोडणी कोणी नव्याने विचारात घेतली नाही, आणि खरी गफलत इथेच आहे. पेट्रोलचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे विलीसमध्ये होता तसा, डिझेलवर लावून उपयोग नाही. थ्रॉटल नाही म्हणजे मॅनिफोल्डमध्ये तशी ओढ नाही. टर्बो लावला असेल तर नळी फिल्टर आणि टर्बो यांच्या मधेच जोडायची. टर्बोच्या पुढे मॅनिफोल्डला जोडली तर बूस्टचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरतो. सायलेन्सरला नळी जोडून ओढ मिळवण्याची टूम रेसच्या गाड्यांत चालते. बंद सायलेन्सरचा मागचा दाब ती इथे चालू देणार नाही.

माझा पक्ष असा: ठीकठाक इंजिनाला, ब्रीदर आणि इनलेट यांच्या मधे ऑइल अडवणारी टाकी. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत टाक्या उघडून बघा, पुष्कळ आतून पोकळ असतात. ऑइल एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने निघून जातं. आत जाळी हवी, नाहीतर ती नुसती शोभा. नळी मूळ निपलपेक्षा बारीक नको. टाकीकडे जाताना तिला सतत चढ द्या, म्हणजे वाटेतच थेंब झालेलं ऑइल इंजिनात परत उतरेल. मधे खोलगट पोट राहिलं तर तिथे साचून नळी तुंबते. एअर फिल्टर साफ ठेवणं आता दुप्पट महत्त्वाचं, कारण तो तुंबला की इंजिन चेंबरमधूनच जास्त ओढू लागतं. पावसाळ्यात टाकी वरचेवर रिकामी करा. गावातल्या गावात फिरणारी गाडी पुरेशी तापत नाही, आणि टाकीत दुधाळ, चिकट गाळ साचतो. तो नाल्यात ओतू नका, जुन्या ऑइलच्या डब्यात टाका.

राहिला खर्च. "जुन्या गाडीला एवढं कशाला" म्हणणाऱ्यांनी वेल्डिंगवाल्याकडे लोखंडी पाइपचा तुकडा न्यावा. दोन तोंडं, खाली ड्रेनचा बोल्ट, आत भांडी घासायची स्टीलची तारघासणी, एवढ्यात टाकी होते. फक्त इनलेटकडच्या तोंडावर भोकं पाडलेली पत्र्याची चकती आधी पक्की वेल्ड करून घ्या. तारघासणीचा एक तुकडा जरी सुटून सिलिंडरमध्ये गेला, तर वाचवलेले पैसे पिस्टनसकट जातील.