रंग दिला, पण हिशेब कोण ठेवणार?



सुरतच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांची मोठी वस्ती आहे. यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या मुलांना तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळांचाच आधार. दिवाळीच्या सुट्टीत बारडोलीहून आम्ही काही जण अशाच एका शाळेत श्रमदानाला गेलो. भिंती खरवडल्या, एका व्यापाऱ्याने दिलेला रंग लावला, बाके दुरुस्त केली. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात गच्ची गळली आणि रंगाचे पोपडे निघाले. गच्ची गळते हे मुलांच्या आयांना ठाऊक होते. आम्ही त्यांना विचारलेच नव्हते!

चूक आमचीच. वस्तू घेतली की पहिल्या दिवसापासून घसारा धरावा, हे आम्ही कॉमर्सला शिकलो. शाळेत गेल्यावर मात्र विसरलो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या पैशावर, मग तो सरकारचा असो वा इतर कुणाचा, लक्ष ठेवणे हे तिचे काम. बारमाही टिकणारी इमारत, पिण्याचे पाणी, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहे हीही कायद्याचीच अट आहे. कुणाची मेहेरबानी नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातील 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ती शाळेला जरूर मिळवावी. पण श्रमदान आणि देणगी म्हणजे महापालिकेला सुट्टी नव्हे.

आपण बारडोलीचे. 1928 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सुमारे 22 टक्के सारावाढ नाकारली. पुढे चौकशी समितीसमोर गावोगावचे आकडे मांडले गेले आणि वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. निर्धाराच्या जोडीला चोख हिशेब होता.

म्हणून आमची सूचना अशी. ब्रश हाती घेण्याआधी समितीच्या बैठकीत बसा, आयांचे ऐका. आधी गच्ची आणि नळ, मग रंग. जमलेल्या पैशातला काही भाग देखभालीसाठी वेगळा ठेवा. जे काम महापालिकेचे, त्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा.

श्रमदान एका रविवारचे असते. शाळा वर्षभर चालते. पुढच्या वेळी रंगाच्या डब्याबरोबर एक वहीही न्यावी, ही विनंती.