विजयदुर्ग: तटाबाहेरचा किल्ला
प्रति,
महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटण नदीच्या मुखाशी एका खडकाळ भूशिरावर उभा आहे. तीन बाजूंना पाणी आणि पूर्वेला गावाकडे जाणारी जमिनीची अरुंद पट्टी, अशी त्याची बैठक. ही पट्टी पूर्वी खंदकाने तोडलेली होती. किल्ल्यामागे खाडी दूरवर आत जाते. बाहेरचा दर्या कितीही खवळला तरी आत गलबते सुखरूप राहत, म्हणून या जागेचे मोल मोठे.

परंपरा या किल्ल्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे नेते. पुढे तो आदिलशाहीत होता आणि शेजारच्या गिर्ये गावामुळे घेरिया म्हणून ओळखला जाई. शिवाजी महाराजांनी तो जिंकून बळकट केला. आज दिसणारी तिहेरी तटबंदी आणि 27 बुरूज ही मुख्यतः मराठी काळाची ओळख मानली जाते. कान्होजी आंग्रे यांच्या काळात विजयदुर्ग मराठी आरमाराचा कणा झाला. 1720 मध्ये इंग्रजांनी आणि 1724 मध्ये डचांनी त्यावर आरमारे आणली. दोन्ही वेळा किल्ला अभंग राहिला.

1756 चा पाडाव वेगळ्या कारणाने झाला. तेव्हा किल्ला ताब्यात असलेले तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आले होते. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव जमिनीवरून आले, तर समुद्राकडून अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि त्याच्यासोबत रॉबर्ट क्लाइव्हचे सैन्य आले. 12 फेब्रुवारीला तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकले होते. तटाच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराब जहाजांवर ती आग पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे 10 लाख रुपयांची लूट इंग्रजांच्या हाती लागली आणि तुळाजी कैदेत गेले. मराठ्यांनी मराठ्यांचेच आरमार बुडवण्यास हातभार लावला, ही कोकणच्या इतिहासातली फार महागात पडलेली चूक होय. त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट घेऊन इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला. त्यानंतर इथून आनंदराव धुळप यांनी पेशव्यांचे आरमार चालवले. 1783 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

अवशेषांपैकी तट-बुरुजांची रचना सर्वांत बोलकी आहे. समुद्राकडून येणाऱ्याला एकामागे एक चढत जाणाऱ्या भिंती दिसतात. बाहेरची फोडली तरी आतल्या भिंतीवरून मारा चालू राहावा, हा हेतू उघड आहे. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड वळणात लपवला आहे. आत तलाव, सदर, कोठारे, खलबतखाना आणि भवानीचे मंदिर आहे.

मात्र विजयदुर्गाचे संरक्षण तटापाशी संपत नव्हते. गिर्ये येथे वाडातर खाडीच्या काठी खडक फोडून तयार केलेली गोदी आहे, सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, ओहोटीला पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यात तळाची डागडुजी करायची, अशी तिची रीत. जहाजाचे लाकूड किडे पोखरतात, तळाला कालवे चिकटतात. अशा गोदीवाचून कोणतेही आरमार फार काळ तग धरत नाही. 1756 नंतरही विजयदुर्ग आरमाराचे ठाणे म्हणून पुन्हा उभा राहू शकला, त्यात या खाडीचा आणि गोदीचा वाटा मोठा होता.

तटाबाहेरच्या या संरक्षणाचा दुसरा भाग पाण्याखाली आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी किल्ल्याजवळ समुद्रतळावर दगडी भिंत नोंदवली आहे. तिची लांबी सुमारे 122 मीटर भरते. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे गावात सांगतात. वॉटसनची जहाजे मात्र बंदरात शिरली होती. तेव्हा या भिंतीचा अभ्यास दंतकथेच्या पुढे नेणे अगत्याचे आहे.

तटाकडे वळावे तर त्याचा दगड जांभा आहे. तो सच्छिद्र असतो. पाणी पितो, खारे वारे त्याला पोखरतात, सांध्यांत रुजलेल्या वड-पिंपळांची मुळे चिरे ढकलतात आणि पायथ्याला लाटा घासतात. 2020 च्या पावसाळ्यात तटाचा काही भाग ढासळला, तो याच वाटेने. अशा दगडात सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि चिरा अधिक झपाट्याने झिजतो. त्याला चुन्याचीच डागडुजी मानवते.

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांत विजयदुर्ग आहे. त्याच्या जतनाच्या आराखड्यात तट, गिर्येची गोदी, पाण्याखालची भिंत आणि खाडी यांचा एकत्र विचार व्हावा. दर पावसाळ्यापूर्वी सांध्यांतली झाडी मुळासकट निघावी आणि पायथ्याची पाहणी व्हावी. गोदीचे मोजमाप, गाळाची नोंद आणि बंदिस्ती यांचे काम गिर्ये-विजयदुर्गच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन सुरू करावे, ही या पत्राची मागणी आहे.