पाखरं मोजू, नुकसानही मोजू

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. दोन्ही माणसे मोठी. चितमपल्लींनी तर विदर्भाच्या जंगलात नोकरी करता करता आदिवासींच्या आणि ढीवरांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा केली आणि ती मराठीला दिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या नावाने सप्ताह पाळला जातो याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार तारखेची आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडवाहू कास्तकार काय करत असतो? कापसाची वेचणी अंगावर आलेली असते, मजूर मिळत नसतात, हरभऱ्याचे रान तयार करायचे असते. घरातली म्हातारी माणसेसुद्धा वावरात असतात. त्या आठवड्यात तलावाच्या पाळीवर उभे राहून पाखरे पाहायला फुरसत कोणाला? ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याला. म्हणून सप्ताह शाळेतल्या चित्रकलेच्या स्पर्धेत आणि कचेरीतल्या हारतुऱ्यांत संपतो. ज्याच्या वावरात ही पाखरे चरतात त्याला सप्ताह होऊन गेल्याचा पत्ताही नसतो.

आमचे म्हणणे असे, की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कास्तकाराचा पक्षी सप्ताह शिमग्यात असावा. कापूस घरातून गेलेला असतो, पऱ्हाट्या उपटायच्या तेवढ्या उरलेल्या असतात. तलाव आटत मधोमध आलेले असतात, त्यामुळे वाट्टेल तिकडे पांगलेली पाखरे एका नजरेत येतात. तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक ही परदेशी मंडळी उत्तरेच्या वाटेला लागण्याआधी पोट भरून घेत असतात. वारकरी, कमळपक्षी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक ही आपली घरची पाखरेही सोबत असतात. बांधावर पळस आणि सावर फुललेली असते आणि त्यावर भोरड्यांचे थवे कलकलाट करत असतात. मोजायचे असेल तर हीच वेळ. चैत्र उजाडून थोडे दिवस गेले की बरेचसे पाहुणे निघून गेलेले असतात.

तलाव कोणाचे?

हे तलाव काही निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या अमलात जो जंगल साफ करील आणि तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी रीत होती. चंद्रपूर भागात तुकूम हे नाव आजही ऐकू येते, ते अशाच देणगीचे. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या ही पाळ घालण्याची विद्या सांभाळली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले. मालगुजारांच्या काळामुळे त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, बोलीत मामा तलाव. यातला प्रत्येक तलाव कास्तकाराच्या आणि मजुराच्या घमेल्याने भरलेल्या मातीवर उभा आहे. धानाला पाणी मिळावे म्हणून तो बांधला, पाखरे मागाहून आली. तलावाच्या पाखरांचा पहिला यजमान शेतकरी आहे, हे आधी नीट सांगितले पाहिजे.

पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. पण ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारीबरोबर तलावही सरकारजमा झाले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नंतर तो मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्रात आला, १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा झाला. या साऱ्या फिरवाफिरवीत तलावाचा धनी कोण हे गावाला कळेनासे झाले. पाळ फुटली तर बांधायची कोणी, गाळ काढायचा कोणी? गावाने हात लावला तर सरकारी मालमत्तेला हात लावल्याची भीती. सरकार स्वतः हात लावायला येत नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे. कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी कडा व्यापल्या, मासा घटला, ढीवराचे जाळे रिकामे निघू लागले आणि पाखरांनीही जागा सोडली.

वरोरा, राजुरा, कोरपन्याचा काळ्या मातीतला कास्तकार म्हणेल, तलाव तर सिंदेवाही, नागभीडच्या धानवाल्यांचे. आमचा कापूस, आमची ज्वारी. आमचा काय संबंध? संबंध दोन. एक म्हणजे गाळ. लहानमोठ्या तलावांतला गाळ काढून कोरडवाहू वावरात टाकला तर हलकी जमीन ओल धरू लागते. सरकारने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली ती याच हिशेबाने. दुसरा संबंध पाखरांचाच. पाणथळीत रात्र काढणारी पाखरे दिवसा आपल्या शिवारात चरतात. हिवाळ्यात येणारा भोवत्या पऱ्हाटीच्या ओळींवरून खालून खालून उडत टोळ आणि उंदीर टिपतो. गायबगळा वखरामागे चालतो. कोतवाल हरभऱ्यातली घाटेअळी खातो. म्हणून तर कृषी खाते हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, पेरताना चार ज्वारीचे दाणे टाका, असे सांगते.

यात आम्ही भाबडेपणा करत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे कोतवालाची चोच पोचत नाही. पाखरू आले की फवारा अडगळीत, असे सांगणाऱ्यांतले आम्ही नाही. पण जे काम पाखरू फुकट करते ते कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही, आणि जे नुकसान पाखरू करते तेही धरले जात नाही. दोन्ही रकमा शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतात.

भोरडीचा हिशेब

भोरडीचेच पाहा. शहरातला पक्षीमित्र तिला पळसमैना म्हणतो, गुलाबी अंगाचे आणि काळ्या डोक्याचे फोटो काढतो. ज्वारीवाल्याला विचारा. हजाराचा थवा कणसावर उतरला की सकाळच्या दोन तासांत धुऱ्याकडची तासे रिकामी. वर पोपट आहेत, चिमण्या आहेत, सुगरणी आहेत. गोफण घेऊन उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत एक माणूस उभा करावा लागतो.

पूर्वी पाखरे नव्हती का? होती, आजच्यापेक्षा जास्त होती. पण तेव्हा शिवारभर ज्वारी होती. पाखरांचा वाटा शंभर वावरांत वाटला जाई, कोणालाच जड होत नसे. पुढे ज्वारीला भाव नाही म्हणून एकाने सोडली, दुसऱ्याने सोडली, कापूस आणि सोयाबीन आले. आता गावात एखादा कास्तकार घरच्या भाकरीसाठी आणि बैलांच्या कडब्यासाठी दोन एकर ज्वारी पेरतो आणि साऱ्या शिवाराची पाखरे त्या दोन एकरांवर उतरतात. मग तोही सोडतो. लोक म्हणतात पाखरांनी ज्वारी घालवली. आम्ही म्हणतो ज्वारी भावाने घालवली, पाखरांनी फक्त शेवटचा धक्का दिला.

हिशेब साधा आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल. समजा, पाखरांनी एकरी एक क्विंटल खाल्ली आणि बाकीचा माल हमीभावाने गेला, तरी हे एवढे नुकसान. आता ती वाचवायला वीस दिवस माणूस उभा केला तर त्याची मजुरी या रकमेच्या वर जाते. म्हणजे राखले तरी तोटा, न राखले तरी तोटा. अशा कास्तकाराला पक्षीप्रेमाचे धडे देणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगणे. ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला तर पाखराचा घास कोणाला जड जाईल? आपल्या खळ्यावर पाखरांचा, गाईगुरांचा, मागणाऱ्याचा वाटा आधी निघत असे. तो दानतीने निघे हे खरे, पण खळ्यात रास होती म्हणून निघे हेही तितकेच खरे.

पाखरे संपवून टाकावीत असे मात्र कोणी म्हणू नये. तो प्रयोग होऊन गेला आहे. १९५८ साली चीनमध्ये माओच्या सरकारने धान्य खाते म्हणून चिमणीला शत्रू ठरवले. गावेच्या गावे थाळ्या बडवत पाखरांना दमवून मारू लागली. चिमण्या गेल्या, टोळ आणि किडी माजल्या, दुष्काळात भर पडली. १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घालावा लागला. त्याच चीनच्या शिनजियांग प्रांतात आज भोरडीसाठी दगडविटांची घरटी मुद्दाम बांधून देतात, कारण उन्हाळ्यात तिथे वीण घालणारी भोरडी टोळांचा फडशा पाडते. इथली ज्वारी खाऊन जगलेली पाखरे तिकडे दुसऱ्याची कुरणे राखतात. हिवाळाभर त्यांना पोसणारा कोण, हे तिकडे कोणी विचारत नाही. मुंबई-दिल्लीतही विचारत नाहीत.

उजाडायच्या आधी जंगलात कोण असते?

पाखराचे नुकसान सोसण्याजोगे तरी आहे. रानडुक्कर आणि रोही यांचे तसे नाही. एका रात्रीत कळप वावर झोपवून जातो. २०१६ साली रानडुकरे मारण्याच्या परवानगीवरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचा जाहीर वाद झाला, त्यात आपल्या चंद्रपूरचे नाव देशभर गाजले. वाद गाजला, जागल मात्र संपली नाही. आजही माणूस मचाणावर रात्र काढतो.

शिमगा संपताना मोहफुले गळू लागतात. उजाडायच्या आधी ताडोबाच्या दरवाजावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. त्याच वेळी बाहेरच्या जंगलात आपल्या बाया टोपले घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात. वाघ दोघांनाही दिसू शकतो. एकाला तो दिसावा म्हणून पैसे मोजलेले असतात, दुसरी तो दिसू नये म्हणून देवाचे नाव घेत असते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. मेल्यानंतर मिळणारी भरपाई हा न्याय नव्हे. जंगलाचा खर्च रक्ताने भरणाऱ्यांचा जंगलाच्या कारभारात शब्द चालला पाहिजे, ही आमची मागणी आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगितली पाहिजे. कुंपणात जिवंत वीज सोडू नका, धान्याला विष लावू नका. त्या तारेला डुक्कर लागते, वाघ लागतो आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही लागतो. आपली तक्रार न्याय्य आहे. तारेने ती गुन्ह्यात जाते आणि मग आपले कोणी ऐकत नाही.

वही आपल्या हातात

मग करायचे काय? या फाल्गुनात प्रत्येक गावाने लागोपाठ दोन सकाळी आपला तलाव, आपली बोडी, आपले शिवार पाहावे. दुर्बीण नसली तरी चालेल. ढीवर, गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया, शाळेचे गुरुजी आणि पोरे सोबत घ्यावीत. पाखराचे नाव आपल्या बोलीत लिहावे, गोंडी, माडिया, झाडीबोली, जे असेल ते. अंदाजे किती होती, कुठे होती, दहा वर्षांपूर्वी होती आणि आता नाही अशी कोणती, हे लिहावे. सारस एकदा तरी पाहिलेली म्हातारी माणसे अजून गावात असतील, त्यांना विचारावे.

आणि त्याच वहीत समोरच्या पानावर त्या हंगामातले नुकसान लिहावे. कोणाचे वावर, कोणते पीक, कोणते जनावर, कोणती तारीख, किती रात्री जागल. पाखरांनी खाल्लेल्या कणसांचा पंचनामा आम्ही तरी कधी पाहिलेला नाही. सरकार करत नसेल तर आपण करू.

ही वही कायद्यात बसते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली तेव्हा ठिकठिकाणी घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. आपल्या गावची वही आपण पाहिली आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन मागावी आणि आपली मोजणी तिच्यात चढवून घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने जिथे हक्क मिळाले आहेत तिथे मासे, पाणी आणि रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने २००९ साली असा हक्क मिळवला आणि तो चालवूनही दाखवला.

तलावाचा गाळ काढतानाही वही कामाला येईल. मधला गाळ काढावा, बेशरम मुळासकट काढावी, पण एका बाजूची उथळ कड पाखरांसाठी तशीच राहू द्यावी. कोणती बाजू, हे मोजणाऱ्याला माहीत असते, ठेकेदाराला नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, आजवर आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिले. पाखरे त्यांनी मोजली, वाघ त्यांनी मोजले, आपली माती आणि आपली माणसे मोजायची राहिली. ज्याच्या हातात नोंद असते त्याचे म्हणणे कचेरीत टिकते. म्हणून या जिल्हा बैठकीत दोन ठराव घ्यावेत. पहिला, येत्या शिमग्यात प्रत्येक गावात मोजणी. दुसरा, तलावाचा ताबा ग्रामसभेकडे आणि ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव. मोजणी झालेल्या वह्या चैत्र संपण्याच्या आत तालुक्याला जमा कराव्यात.