जेट-लॅग झिंदाबाद!

मार्च-एप्रिल आला की ऑफिसात एक विचित्र शांतता पसरते. कॅन्टीनमध्ये चहा तोच, समोसा तोच, पण प्रत्येक टेबलावर प्रश्न एकच. ‘तुझं झालं का?’ झालं म्हणजे लग्न नव्हे हो, अप्रेझल!

माझं पहिलं अप्रेझल मला अजून लख्ख आठवतं. मॅनेजर अर्धा तास गोड बोलला. रात्री दोनपर्यंत थांबून केलेलं रिलीज, क्लायंटचं कौतुकाचं मेल, सगळं त्याला पाठ होतं. मग हळूच म्हणाला, ‘‘हे बघ, काम चांगलंच आहे तुझं. पण बेल कर्व्ह आहे ना, कुणाला तरी तीन द्यावाच लागतो.’’ घ्या! त्यानंतर शेजारच्या डेस्कवरचा मित्र मला चक्क स्पर्धक वाटायला लागला. त्याचा कोड अडला की मी मुद्दाम फोनवर बोलत बसायचो. आज कबूल करतो.

म्हणूनच ॲडोबीचा किस्सा मला भारी आवडतो. ॲडोबी म्हणजे आपली फोटोशॉपवाली. तिथेही माणसांना एकमेकांशी तोलून चार खणांत टाकायची पद्धत होती. २०१२ साली त्यांच्या एचआर प्रमुख डोना मॉरिस भारतात आल्या होत्या. प्रवासाने थकलेल्या, डोळ्यांवर जेट-लॅग. त्यात ‘इकॉनॉमिक टाइम्स’च्या पत्रकाराशी गप्पा. बोलता बोलता बाई सांगून गेल्या की, आम्ही वार्षिक अप्रेझल बंदच करणार आहोत. ते छापूनही आलं. गंमत म्हणजे कंपनीत तसं काही ठरलेलंच नव्हतं!

आपल्याकडे अशा वेळी ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ असं पत्रक निघालं असतं. मॉरिसबाईंनी मात्र कंपनीतल्या लोकांनाच विचारलं, सांगा, याऐवजी काय करूया? हिशेब मांडला तेव्हा कळलं की, या अप्रेझलपायी मॅनेजरांचे वर्षाला ८०,००० तास जातात. म्हणजे जवळपास ४० माणसांचं वर्षभराचं काम. आणि अप्रेझल उरकलं की राजीनाम्यांची लाट ठरलेली.

त्याच वर्षी ॲडोबीत ‘चेक-इन’ सुरू झालं. रेटिंग नाही, क्रमवारी नाही, लांबलचक फॉर्म नाही. मॅनेजरने वर्षभर अधूनमधून समोर बसून बोलायचं. अपेक्षा काय, कुठे चुकतंय, पुढे काय शिकायचंय. आपणहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण पुढे सुमारे ३० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने सांगितलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपली बदनाम क्रमवारी मोडीत काढली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चेक-इनमध्ये आकडा गेला, पण पगारवाढ ठरवणं आलं मॅनेजरच्याच हातात, दिलेल्या बजेटात. आता त्याचा कुणी लाडका असेल तर? आकडा असला की निदान एचआरकडे जाऊन भांडता तरी येतं. पण तरीही मी चेक-इनच घेईन. कारण तिथे मॅनेजरला कर्व्हच्या आड लपता येत नाही. ‘तू कमी पडलास’ हे त्याला तोंडावर सांगावं लागतं, आणि तेही वेळेत. एप्रिलमध्ये कळून गेल्या जूनमधली चूक कशी सुधारणार, सांगा ना!

कंपनी सोडताना मी त्या मॅनेजरला सहज विचारलं, ‘‘त्या वर्षी तुला काय मिळालं होतं रे?’’

‘‘तीन,’’ तो म्हणाला.