पहिलें घोडें

गेल्या मार्गशीर्षी पौर्णिमेस आम्ही सारंगखेड्यास गेलों होतों. तापीकांठच्या एकमुखी दत्ताचें दर्शन हें सांगावयाचें निमित्त. खरें कारण आमच्या नातीचें घोडें. ही मुलगी नुकतीच अकरा वर्षांची झाली. दोन वर्षें दर रविवारीं ती घोडसवारीच्या वर्गास जाते, दुडक्या चालीवर खोगिरांत बरी बसते, आणि घरीं परतल्यावर पानावर बसल्याबसल्या घोड्यावांचून दुसरा विषय काढीत नाहीं. मळ्यांत जागा आहे, जुना गोठा रिकामा आहे, तेव्हां तिला एक घोडें घ्यावें असें आमच्या एकत्र कुटुंबाच्या सभेंत ठरलें. कोणतें घ्यावें या प्रश्नावर मात्र सभेचे चार तट पडले. चिरंजीवांस मारवाडी जातीचें देखणें शिंगरूं हवें. धाकट्या बंधूंस शर्यतींतून निवृत्त झालेलें उंच, तकतकीत जनावर हवें. आमच्या सौभाग्यवतींस मुळीं घोडेंच नको. आम्हांस काय हवें होतें तें पुढें येईलच.

मार्गशीर्षांतला हा बाजार ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं एकवार अवश्य पाहावा. नदीच्या वाऱ्यांत ओळीनें बांधलेलीं जनावरें, त्यांत कोणी पंचकल्याणी, कोणी अबलख, कोणी गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा. मारवाडी घोड्यांचे कान तर असे आंत वळलेले कीं टोंकास टोंक लागावें. एकीकडे ढोलाच्या तालावर घोडे नाचविले जात होते, दुसरीकडे लाखांचे आंकडे ऐकूं येत होते. गिऱ्हाइकें जनावराभोंवतीं फिरून अंगावरचे भोंवरे मोजीत होतीं. गळ्यावर देवमण असला कीं किंमत चढते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अश्वलक्षणांचा जो अध्याय आहे तो आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलेला; त्यामुळें आम्हांसहि क्षणभर मोह झाला व आम्हीं उगाच चार भोंवरे पाहून मान डोलावली. शुभाशुभ आवर्तांचें फळ धन्यास कसें मिळतें तें शास्त्र सांगतें. पण धनी अकरा वर्षांची मुलगी असेल तर ती पाठीवर टिकेल कीं नाहीं, हें कोणत्याहि भोंवऱ्यावरून कळत नाहीं.

चिरंजीवांचें मन एका काळ्याभोर शिंगरावर जडलें. वय अडीच वर्षें. नातीनें त्याच्या नाकावर हात ठेवला आणि तिचेंहि मन गेलें. विकणारा गृहस्थ मोठा गोड बोलणारा. तो म्हणाला, "काका, घ्या बिनघोर. पोरगी अन् घोडा दोघं बरोबरीनं वाढतील."

हें वाक्य ऐकतांच आमच्या अंगावर कांटा आला, कारण तें आम्हीं पूर्वीं एकदां ऐकलें होतें. १९७१ सालीं आमच्या काकांनीं आपल्या थोरल्या मुलासाठीं, म्हणजे आमच्या दादासाठीं, असेंच एक दोन वर्षांचें शिंगरूं आणलें होतें, आणि ओटीवर बसून शेजाऱ्यांस हेंच सांगितलें होतें. दादा तेव्हां बारा वर्षांचा. पहिला महिना कौतुकांत गेला. दुसऱ्या महिन्यांत शिंगरूं एका फडफडणाऱ्या धोतरास बुजलें; दादानें घाबरून लगाम गच्च ओढला; तोंडांत कळ लागल्यानें तें अधिकच उधळलें; आणि दादा विहिरीच्या काठावर पडला. खांद्याचें हाड मोडलें, तें वाकडेंच सांधलें. हाडाचें दुःख तो विसरला. पण त्या दिवसानंतर दादा आजतागायत घोड्यावर बसलेला नाहीं, आणि गांवाबाहेरच्या रस्त्यानें एखादें घोडें येतांना दिसलें तर अजून बाजूस सरतो. शिंगरूं टांगेवाल्यास अर्ध्या किंमतीस गेलें. दोष त्याचा नव्हता व दादाचाहि नव्हता. दोघेहि अजाण, एकानें दुसऱ्यास धीर द्यावा तर दोघांपाशींहि तो नव्हता.

घोडें हें मूलतः पळून जीव वांचविणारें जनावर आहे. अपरिचित वस्तु दिसली कीं आधीं पळावें व मग पाहावें, हा त्याचा जन्मजात स्वभाव. वर्षानुवर्षें माणसाच्या हाताखालीं वावरल्यानंतर, रस्ता, गाडी, छत्री, मिरवणूक हीं हजार वेळां पाहिल्यानंतर, तें भय विरत जातें. नवशिक्या मुलाच्या हातून पाठीवर चुकाच व्हावयाच्या: पाय हलतो, लगाम नको तेव्हां ओढला जातो, तोल गेला कीं आयाळ धरली जाते. अनुभवी घोडें या चुका पोटांत घालतें. कोंवळें त्यांतूनच खोडी शिकतें. म्हणून नवशिका स्वार असेल तर घोडें मुरलेलें हवें, आणि घोडें कोंवळें असेल तर स्वार मुरलेला हवा. आमच्या मतें पहिलें घोडें आठ वर्षांच्या आंतलें असूंच नये. दहा ते पंधरा वर्षांचें असेल तर उत्तम, आणि प्रकृति धड असेल तर सतराअठराचेंहि चालेल. नीट सांभाळलेलें घोडें पंचवीस वर्षें सहज जगतें, तेव्हां 'म्हातारें घोडें गळ्यांत मारलें' असें म्हणण्याचें कारण नाहीं.

चिरंजीवांनीं तेथेंच आम्हांस अलेक्झांडरचा दाखला दिला. बुसेफलस आपल्या सावलीस बुजतो हें ओळखून त्या पोरानें त्याचें तोंड सूर्याकडे वळविलें आणि सर्वांनीं टाकून दिलेलें जनावर वश केलें, ही कथा प्लुटार्कनें सांगितली आहे खरी. पण मुलगा दौडत दूर गेला तेव्हां बाप फिलिप प्राण कंठाशीं आणून मुकाट उभा होता, हेंहि त्याच प्लुटार्कनें लिहिलें आहे. आम्हीं चिरंजीवांस तेवढेंच विचारलें कीं, फिलिपच्या जागीं उभें राहावयाची तुमची तयारी आहे काय? ते निरुत्तर झाले. नात मात्र परतीच्या गाडींत धुळ्यापर्यंत एक अक्षर बोलली नाहीं.

वयाची गोष्ट निघाली आहे तर दांतांविषयीं सांगावें, कारण विकणाऱ्याच्या तोंडापेक्षां घोड्याचें तोंड खरें बोलतें. पुढच्या दुधाच्या दांतांपैकीं मधले दोन अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यांतले साडेचारला. पांचव्या वर्षीं तोंड पुरें भरतें. मग खालच्या दांतांच्या माथ्यावरील काळी खळगी झिजूं लागते: मधल्यांची सहाव्या, शेजारच्यांची सातव्या, कोपऱ्यांतल्यांची आठव्या वर्षाच्या सुमारास. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यांतील दांतावर हिरडीपाशीं एक तपकिरी चर उमटतो; तो पंधराव्यास निम्म्यावर व विसाव्यास टोंकाशीं पोंचतो. यांत वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतो, परंतु सतराचें जनावर नऊचें म्हणून कोणी खपवूं शकत नाहीं.

बंधूंच्या शर्यतीच्या घोड्याचें काय झालें तेंहि सांगतों. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून दरवर्षीं कांहीं घोडीं बाद होतात व पुष्कळ वेळां नाममात्र किंमतींत, कधीं फुकटहि मिळतात. दिसण्यांत राजबिंडीं, पण दुसऱ्या वर्षापासून त्यांना एकच विद्या शिकविलेली असते, ती म्हणजे जीव तोडून धावणें. जाणत्याच्या हाताखालीं वर्ष-दोन वर्षें राहिल्यावर त्यांतून गुणी जनावरें निघतात, नाहीं असें नाहीं. मुलाच्या हातीं मात्र तीं देऊं नयेत. धर्माच्या गायीचे दांत पाहूं नयेत म्हणतात. फुकटच्या घोड्याचे दांत, खूर, डोळे व पूर्वचरित्र हें सर्व पाहावें. नाचविलेल्या घोड्याचीहि तीच कथा. ढोल वाजला कीं पुढचे पाय उचलावयाचे हें ज्याच्या अंगांत मुरलें आहे, तें मुलीस घेऊन गणपतीच्या मिरवणुकीशेजारून कसें जाईल? खच्ची न केलेला घोडा तर मुलांसाठीं वर्ज्यच समजावा. शांत घोडी किंवा खच्ची केलेला घोडा, हे दोनच पर्याय.

फाल्गुनांत फौजेंतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं नगर जिल्ह्यांतील एका घोडीची बातमी आणली. भीमथडी जातीची, वय बारा, उंची खांद्याशीं ५२ इंच. भीमाकांठच्या या काटक तट्टांवर मराठ्यांच्या घोडदळानें हिंदुस्थान पालथा घातला, आणि आजहि मेंढपाळ धनगर बिऱ्हाड लादून त्यांच्यासवें वाटा तुडवितात. या घोडीवर धन्याचीं दोन मुलें बसावयास शिकलीं होतीं. थोरला कॉलेजांत गेला, धाकट्याचेहि पाय आतां लोंबूं लागले होते. घोड्यानें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक ओझें वाहूं नये असा साधारण अडाखा आहे. घोडी अडीचशें किलोंच्या घरांत, नात खोगिरासकट चाळिसाच्या आंत, हिशेब जमला.

स्नेह्यांनीं बजावलें होतें कीं, सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधीं जावें. आपण पोंचतों तेव्हां घोडें खोगीर घालून घामाघूम उभें असेल, तर तें शांत आहे कीं आधींच दमविलेलें आहे, हें कळत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां घोडी माळावर म्हशींबरोबर चरत होती. धन्याचा धाकटा मुलगा गेला, तिच्या मानेंत दोर टाकून तिला घेऊन आला. तिनें चुकविलें नाहीं, कान पाडले नाहींत. आमचें निम्में मत तेथेंच बनलें. स्नेह्यांनीं प्रथम चारी खूर उचलून पाहिले. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीसमधल्या झेनोफोननेंहि घोडें पाहतांना आरंभ पायांपासूनच करावा असें लिहिलें आहे. मग कठीण जमिनीवर तिला हातांत धरून दुडकत नेलें. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकतांना घोडें डोकें वर उचलतें. हिचें डोकें स्थिर होतें. त्यानंतर आधीं धन्याचा मुलगा बसला, मग नात. हा क्रम उलटा कधींहि करूं नये. विकणारा ज्यावर बसावयास कचरतो त्यावर आपलें मूल कां बसवावें? ट्रॅक्टर सुरू केला, शेळ्या मधून गेल्या, आम्हीं छत्री फटकन उघडली. घोडीनें छत्रीकडे पाहिलें आणि कुंपणाचा पाला ओढूं लागली.

खोडी होत्या. ती आळशी आहे. घराकडून निघतांना पाय ओढते आणि घराकडे वळली कीं चाल सुधारते. खादाड आहे. डाव्या कानास खांच आहे, पाठीवर जुन्या खोगिराचा पांढरा डाग आहे. सुंदर तर मुळींच नाहीं. पण उधळणें, मागल्या पायांवर उभें राहणें, चावणें, लाथ झाडणें या अक्षम्य खोडींपैकीं एकहि तिच्यांत दिसली नाहीं. नळराजा बाहुकाच्या वेषांत असतां अयोध्येहून एका दिवसांत विदर्भास जावयाचें म्हणून त्यानें कृश दिसणारे घोडे निवडले, तेव्हां ऋतुपर्ण संतापला होता. त्या रात्रीं चिरंजीवांची मुद्रा पाहून आम्हांस ऋतुपर्णाची आठवण झाली.

नात मात्र पहिल्या भेटींत रडली. तिच्या डोळ्यांपुढें तें काळें शिंगरूं होतें. आम्हीं आग्रह केला नाहीं. आठ दिवसांनीं पुन्हां न कळवितां गेलों. घोडीचा स्वभाव पहिल्या दिवसासारखाच होता. त्या दिवशीं नातीनें तिला एकटीनें ओढ्यापर्यंत नेलें व आणलें. परत येतांना तिनें स्वतःच विचारलें, "आजोबा, हिला गूळ चालतो का?"

मग पशुवैद्यांकडून डोळे, छाती, पाय तपासून घेतले आणि रक्तहि पाठविलें. हा खर्च कोणींहि वांचवूं नये. माश्यांनीं पसरणारा सर्रा वेळीं कळला तर औषध आहे. ग्लँडर्स मात्र माणसासहि होऊं शकतो, आणि तो निघाल्यास जनावर कायद्यानें मारावेंच लागतें. दोन्हीहि नाहींत असा दाखला आल्यावरच पैसे मोजले. शिंगरासाठीं चिरंजीवांनीं काढून ठेविलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शांत घोडी व तिचें जुनें खोगीर आलें. उरलेल्यांतून नातीस चांगलें शिरस्त्राण व टांचेचे जोडे घेतले, आणि बाकी रक्कम वैरण, नालबंद व वैद्य यांच्या नांवें बाजूस ठेविली. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनीं यावाच लागतो. घोडें विकत घेतांना हा हिशेब फार थोडे लोक करतात.

अट एकच घातली आहे: शेण काढणें, पाणी पाजणें व खरारा करणें हें नातीनें शाळेआधीं करावयाचें. सौभाग्यवती अजून गोठ्याकडे फिरकत नाहींत, परंतु भाजी निवडल्यावर गाजरांचे शेंडे हल्लीं कचऱ्यांत दिसत नाहींत. धाकट्या बंधूंचा सहा वर्षांचा नातू आपली पाळी केव्हां येणार म्हणून रोज विचारतो. पांचसहा वर्षांनीं नातीचे पाय लोंबूं लागतील तेव्हां घोडी अठराची असेल व तो बाराचा. दादा परवां आले होते. ते कुंपणापर्यंत आले, घोडीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले, आणि "दांत दाखव पाहूं हिचे" असें नातीस म्हणाले. नातीनें ओंठ वर करून चर दाखविला.

गोठ्याचीं कौलें पावसाळ्यापूर्वीं चाळावयाचीं आहेत. उत्तरेची बाजू गळते.