लग्न लावून टाकले की झाले?

“एकदा दोनाचे चार हात झाले की सगळे सुरळीत होते,” हे वाक्य आपल्याकडे अमृतांजनच्या बाटलीसारखे घरोघरी ठेवलेले असते. मुलगा चिडका आहे, लग्न करा. नोकरीत टिकत नाही, लग्न करा. देवाधर्माला फार लागला, मग तर ताबडतोब करा. यंदा हेच वाक्य मला नांदेडच्या एका कॅथलिक घरातून आलेल्या पत्रात भेटले. पत्र आईचे आहे. मुलगा २६ वर्षांचा, लातूरला नोकरीला. त्याने आईला सांगितले, की मला मुलींविषयी कधी ओढ वाटली नाही, वाटते ती पुरुषांविषयीच. बाईंचे प्रश्न दोन. हे फादरांच्या कानावर घालावे का? आणि जालन्याकडचे एक चांगले स्थळ सांगून आले आहे, ते उरकून टाकले तर मुलगा मार्गी लागेल का?

दिवाळीच्या अंकात, चिवडा-चकलीच्या शेजारी, हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण स्थळे पाहण्याचा मोसम दिवाळीनंतरच सुरू होतो, म्हणून आत्ताच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात एका तिसऱ्या माणसाचा जीव अडकला आहे. त्या जालन्याच्या मुलीला यातले काही ठाऊक नाही. कॅथलिक धर्मात घटस्फोट नाही हे आपण ऐकून असतो. पण लग्न मुळात झालेच नव्हते, असे ठरवण्याची सोय १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. धाकदपटशाने मिळवलेली संमती ही संमती धरली जात नाही. संसारच मोडेल अशी गोष्ट मुद्दाम लपवून लग्न लावले, तर तेही रद्द ठरू शकते. वैवाहिक जीवनाची मूळ कर्तव्ये निभावण्यास कोणी मनानेच असमर्थ असेल, तर तेही कारण होते. म्हणजे ज्या चर्चच्या भीतीने हे लग्न लावायचे, त्याच चर्चच्या न्यायमंडळापुढे ते उद्या टिकणार नाही, आणि तोवर दोन तरुण माणसांची वर्षे मातीत जातील. लग्नाआधी फादर वधूवरांना सहसा वेगवेगळे बसवून विचारतात, की ही संमती तुमची स्वतःची आहे ना? तिथे या मुलाने काय सांगावे अशी आईची अपेक्षा आहे? वेदीपुढे खोटे बोल, असे कुठली ख्रिस्ती आई सांगेल? जालन्याला एवढेच कळवावे, की मुलाचा लग्नाचा विचार नाही. त्यापुढचे कारण सांगायचे की नाही, हे मुलाने ठरवायचे, आईने नव्हे.

आता फादर. नांदेड, लातूर हा मुलूख १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. इथे कॅथलिक घरे थोडी, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाचे माहीत. मुंबईच्या गर्दीत जे खपून जाते, ते इथे दोन रविवारांत सर्वतोमुखी होते. बाईंची भीती मला कळते. पण पापनिवेदनात कानी पडलेली गोष्ट फादरांना कोणालाही सांगता येत नाही; आईबापांना नाही, बिशपांनाही नाही. मुद्दाम फोडली तर ते स्वतःच धर्मबाह्य होतात. अशी कुलपबंद पेटी आपल्या हिंदू घरांत कुठे आहे? आमच्याकडे मामांना सांगितलेले संध्याकाळपर्यंत आत्याला कळते.

पण फादर सांगणार काय? धर्माची शिकवण दुहेरी आहे आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. अशी ओढ असणे हे पाप नव्हे. तसा शरीरसंबंध मात्र पाप. रोमहून १९८६ साली निघालेल्या पत्रात त्या ओढीलाही विकृत कलाचे नाव दिले आहे, आणि त्याच पत्रात अशा माणसांना शिवीगाळ, मारहाण करणाऱ्यांचा निषेधही आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने त्यांना आदराने व कोमलपणे वागवावे, अन्याय्य भेदभाव करू नये, असे बजावले. उपाय काय, तर आजन्म ब्रह्मचर्य. संन्यासी हे व्रत आपणहून घेतो; इथे ते न विचारता पदरात पडते. मला हे फार जड वाटते आणि ते मी लपवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८० साली कार्डिनल कुक यांच्या सांगण्यावरून फादर जॉन हार्वे यांनी अशा लोकांचे एक छोटे मंडळ सुरू केले. नाव ‘करेज’. आडनाव विचारायचे नाही, बाहेर बोलायचे नाही, प्रार्थना करायची आणि एकमेकांना धरून राहायचे. ब्रह्मचर्याची अट तिथेही आहे. त्याआधी, १९६९ साली, कॅलिफोर्नियात एका फादरांनीच ‘डिग्निटी’ नावाची मंडळी जमवली होती; त्यांनी ही अट मानली नाही, तेव्हा १९८६ नंतर अनेक बिशपांनी त्यांना चर्चच्या जागा बंद केल्या. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती: माणूस एकटा पडू नये.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा उभे केले. त्या कलमासाठी भांडणाऱ्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. तेव्हाचे मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र स्पष्ट सांगितले, की समलिंगी विवाह आम्हांला मान्य नाही, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार मानत नाही. त्या आठवड्यात असे बोलायला छाती लागत होती. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानेच प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले.

बाईंनी पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारले आहे, की लातूरला एवढे डॉक्टर आहेत, कोणी औषध देईल का? लातूर पॅटर्नने मुले डॉक्टर होतात हे खरे, पण जे दुखणेच नाही त्यावर ती औषध काय देणार? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हे नाव रोगांच्या यादीतून काढले, आणि असे ‘बरे करण्याचे’ उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली ठरवले. मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्यावे. ओढ बदलून देतो म्हणणाऱ्याच्या पायरीला पाय लावू नये.

फादरांकडे जायचे तर मुलाने स्वतः जावे, आणि जायचे की नाही हेही त्यानेच ठरवावे. आईने आधी जाऊन जमीन नांगरून ठेवू नये. रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळी मंडळी आवारात घोळक्याने उभी असतात, त्यात हे बोलणे काढू नये. मधल्या एखाद्या वारी वेळ घेऊन जावे. आणि नांदेडच्या फादरांपुढे जीभ रेटत नसेल, तर रात्रीच्या गाडीने दुसऱ्या गावी, जिथे घरचे कोणी ओळखत नाही, अशा फादरांकडे जायलाही काही हरकत नाही. पापनिवेदन कुठेही करता येते.