चूक कुठे, ते तरी सांगा

मुलाच्या वहीवर नुसती लाल फुली मारून मोकळ्या होणाऱ्या मास्तराला आपण कामचुकार म्हणतो. गणित कोणत्या पायरीवर बिघडले हे दाखवणे, यालाच तर शिकवणे म्हणतात. मग हाच कामचुकारपणा संगणकाने केला की "सर्व्हर एरर आहे, उद्या या" हे आपण मुकाट्याने का ऐकून घेतो?

२०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले. तेव्हापासून बहुतेक योजनांचा रस्ता संगणकातूनच जातो. आमच्या तलवाड्यासारख्या गावात एकाच बाईचे नाव सातबाऱ्यावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी आणि पासबुकावर इंग्रजी स्पेलिंगचा तिसराच अवतार, असे सर्रास असते. यंत्राला ते जुळत नाही, ठीक आहे. पण कोणते दोन कागद जुळत नाहीत हे तर त्याला ठाऊक असते ना? ते न सांगता "माहिती अवैध" म्हणायचे, म्हणजे तिला गेवराईला एक हेलपाटा, बँकेत दुसरा, आणि दोन दिवसांची मजुरी बुडीत.

तांत्रिक अडचण असते म्हणे. मला हे पटत नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वर्षानुवर्षे "मजकूर कापला जाईल" एवढेच सांगून गप्प बसायचा. २०१९ च्या आवृत्तीपासून तो कोणता तक्ता, कोणता रकाना आणि कोणता मजकूर, हेही सांगू लागला. फुकट मिळणाऱ्या पोस्टग्रेसमध्ये तर चुकीच्या संदेशाखाली तपशील आणि उपाय यांच्या वेगळ्या ओळींची सोय आहे. म्हणजे माहिती आत असते. ती आपल्यापर्यंत पोचवण्याचे कष्ट मधली माणसे घेत नाहीत.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा. आतली रचना चोराला कळू नये, हे मान्य. पण लक्ष्मीबाईंना तक्त्याचे नाव हवे आहे कुठे? ते तुमच्या नोंदीत ठेवा आणि त्यांना एक क्रमांक द्या. पडद्यावर एवढेच लिहा: "आधारवरील नाव आणि बँकेतील नाव वेगळे आहे. एक दुरुस्त करून पुन्हा या. भरलेली माहिती जपून ठेवली आहे."

आपला राजभाषा अधिनियम १९६४ चा. तरीही अर्ज मराठीत आणि नकार इंग्रजीत, हा कुठला न्याय?

माझी मागणी साधी आहे. सरकारी संगणकप्रणालीच्या निविदेतच अट घाला. काय अडले, का अडले आणि आता काय करायचे, या तीन गोष्टी प्रत्येक संदेशात मराठीत हव्यात. आणि ते संदेश गावातल्या चार जणांना वाचून दाखवून, त्यांना समजल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नका.